टीव्ही गेममध्ये गेम कायमचा बसवताय? आधी ४८ आणि ४९ जोडा

जुन्या टीव्ही गेमच्या डब्यात एक गेम कायमचा बसवायचा, म्हणजे कॅसेट न घालता नुसतं बटण दाबलं की गेम चालू, असं करायचं मनात असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी हे वाचून काढा. मी बोलतोय ते आपल्याकडं नव्वदीत घरोघरी असलेल्या फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोचा जुना टीव्ही गेम) क्लोनबद्दल, ६० पिनांची कॅसेट लागणारा. मागच्या वेळी माझ्याकडनं एक जोडणी राहिली आणि मी चांगल्या ईप्रॉमला (गेम भरायची, पुसून परत भरता येणारी मेमरी चिप) खराब समजून ती पुसत बसलो, परत भरत बसलो, म्हणून सगळ्यात आधी तीच सांगतो. स्लॉटची ४८ नंबरची पिन आणि ४९ नंबरची पिन एकमेकींना जोडायची. कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. कारण खाली आहे, पण ते वाचायचा कंटाळा आला तरी ही तार विसरू नका.

सेट चालू असलेलाच घ्या. बंद पडलेला दुरुस्त करत करत त्यातच गेम बसवू म्हणाल तर दोष आधीचा का आपण घातलेला हे कळणारच नाही. घरात नसेल तर ओळखीत विचारा, सोलापुरात माळ्यावर अजून लई पडून आहेत. पूर्व भागातल्या घरातनं आलेला असला तर उघडल्या उघडल्या कोरड्या ब्रशनं साफ करा, मागाच्या कापसाची लव बोर्डावर आणि स्लॉटच्या पत्त्यांत जाऊन बसलेली असते आणि सोल्डर मारताना ती जळून तिथंच चिकटते. आत युएमसीच्या दोन मोठ्या चिप दिसल्या (यूए६५२७ आणि तिची जोडीदार) किंवा नुसता काळा डांबरासारखा ठिपका दिसला तरी घाबरायचं कारण नाही, आपलं काम स्लॉटच्या पिनांवर आहे आणि त्या दोन्हींत त्याच असतात. अडॅप्टरची पोलॅरिटी मात्र मीटरनं बघा, ह्या सेटांत बऱ्याचदा मधली पिन मायनस असते.

मीटर, सोल्डरिंग आयर्न, बारीक टोक, फ्लक्स, हे सांगायला नको.

गेम कुठला हे आधी ठरवा, नंतर नाही, कारण चिप किती आणि कसली ते त्यावर आहे. पहिल्या वेळी मॅपर (मोठा गेम तुकड्यांनं समोर आणणारं कॅसेटमधलं जादा लॉजिक) नसलेलाच गेम घ्या. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) त्यातलाच आहे, प्रोग्रॅम ३२ केबी आणि चित्रं ८ केबी, संपला विषय. रणगाड्यांचा बॅटल सिटी त्याहून लहान, १६ आणि ८. काँट्राचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही होतो, पण काँट्रात प्रोग्रॅमच १२८ केबी आहे, तो तुकड्यातुकड्यांनं समोर आणायला वेगळं लॉजिक लागतं आणि चित्रांसाठी रॅम लागते. तो दुसऱ्या सेटला. स्वतःकडं कॅसेट असलेला गेम घ्या, नाहीतर हल्ली लोक नवीन गेम लिहून फुकट देतात त्यातला एखादा.

आता चिप. २८ पायांच्या २७सी२५६ दोन घ्या, एक प्रोग्रॅमला, एक चित्रांना. चित्रांना ८ केबीच लागतात म्हणून २७सी६४ चालते, पण दोन्ही एकसारख्या घेतल्या की डोकं कमी फिरतं, चित्रांच्या चिपचे ए१३ आणि ए१४ म्हणजे २६ आणि २७ नंबरचे पाय ग्राउंडला टाकायचे, झालं. १५० नॅनोसेकंद किंवा त्याहून वेगवान बघून घ्या. सोलापुरात रेझिस्टर, आयसी बेस, स्विच मिळून जातात, ईप्रॉम मागितली तर मिळेल याचा भरवसा नाही, त्यासाठी ऑनलाइन मागवा किंवा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन तपकीर गल्लीत शोधा आणि रात्री परत या. ऑनलाइन 'नवीन' म्हणून येतात त्या बहुतेक जुन्या बोर्डावरनं काढलेल्या असतात, त्यामुळं आल्या आल्या प्रोग्रामरवर (चिप भरायचं यंत्र) ब्लँक चेक करा, सगळीकडं एफएफ दिसलं पाहिजे. नसेल तर यूव्ही इरेझरमध्ये पंधरा-वीस मिनिटं. इरेझर कशाला, आपलं ऊन काय कमी आहे का, असं म्हणून एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवू नका. थेट उन्हात पुसायला साधारण आठवडा लागतो, आणि अर्धवट पुसलेली चिप आज बरी वाचते, उद्या नाही. त्याच कारणानं भरून झाली की काचेच्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावायचीच. इरेझर घ्यायचाच नसेल तर विजेवर पुसली जाणारी डब्ल्यू२७सी५१२ घ्या, फक्त तिचा १ नंबरचा पाय ए१५ असतो, तो ग्राउंडला आणि डेटा खालच्या ३२ केबीत. २७सी२५६ चा १ नंबर मात्र ५ व्होल्टला. हे उलटंपालटं करू नका.

फाइल कापायचं काम कॉम्प्युटरवर. मारिओची .एनईएस फाइल ४०,९७६ बाइटची असते, ४०,९६० नाही. पहिले १६ बाइट हेडर आहेत, ते गेमचा भाग नाहीत, काढून टाका. न काढता भरली तर सगळा प्रोग्रॅम १६ घरं सरकतो आणि स्क्रीनवर काहीच धड येत नाही. पुढचे ३२,७६८ बाइट प्रोग्रॅमच्या चिपमध्ये, उरलेले ८,१९२ चित्रांच्या. प्रोग्रॅम १६ केबीचाच असेल तर तो एकामागं एक दोनदा भरायचा, कारण सुरू होताना कुठनं वाचायचं तो पत्ता प्रोसेसर अगदी वरच्या टोकाला शोधतो. हेडर फेकायच्या आधी त्यातला सहावा बाइट (शून्यापासनं मोजून) लिहून ठेवा, त्याचा शेवटचा बिट १ असला तर मिररिंग (मागचा देखावा कुठल्या दिशेनं परत दिसतो ते) उभं, ० असला तर आडवं. मारिओचा १ आहे. हे पुढं लागणार आहे, आत्ताच लिहा.

आता मुख्य गोष्ट, जरा सावकाश वाचा. आपल्याला वाटतं कॅसेट म्हणजे नुसती गेमची चिप, म्हणून आपण ॲड्रेस, डेटा, पॉवर एवढं जोडतो आणि झालं समजतो. तसं नाही. कॅसेट काही तारा मशीनमधनं घेऊन परत मशीनलाच देते. मशीनच्या आत २ केबीची व्हिडिओ रॅम आहे, मागचा देखावा, म्हणजे ढग, विटा, पाइप कुठं आहेत ते, तिच्यात असतं. ती रॅम कधी जागी व्हायची हे ४८ नंबरच्या पिनेवरनं ठरतं आणि ती पिन मशीनच्या आत त्या रॅमशिवाय कशालाच जोडलेली नाही! कॅसेटच तिला ४९ ला जोडते. कॅसेट नसली की ४८ हवेत लोंबकळत राहते. मग काय होतं, तर मारिओ नीट दिसतो, पळतो, उडी मारतो, आवाज येतो, आणि मागं सगळा कचरा. आपल्याला वाटतं चित्रांची चिप बिघडली. बिघडलेली नसते. मारिओ ज्या चिपमधनं येतो त्याच चिपमधनं विटा येतात, एक बरोबर आणि एक कचरा म्हटल्यावर चिपला हात लावायचा नाही, ४८-४९ बघायचं.

आणि ह्यात फसायला कसं होतं बघा, खात्री करायला आपण कॅसेट घालून बघतो, कॅसेट एकदम मस्त चालते, कारण ती जोडणी ती स्वतःच करत असते. म्हणजे मशीन चांगलं, मग दोष आपल्या ईप्रॉमचा, असं वाटतं आणि आपण परत पुसायला जातो. म्हणून चिप, बेस, स्विच, काहीही लावायच्या आधी पहिला टाका ४८-४९ चा मारा. पहिला टाका.

तिच्यासारखीच दुसरी १८ नंबर. तीही कॅसेटकडनंच परत येते, मिररिंग तिच्यावर. उभं मिररिंग असेल तर १८ ला चित्रांच्या चिपच्या ए१० ची (२१ नंबरचा पाय) तार जोडा, आडवं असेल तर ए११ ची (२३ नंबर). चुकलं तर गेम चालतो पण स्क्रीन सरकायला लागली की अर्धा देखावा भलताच येतो. तिसरी ४५ आणि ४६, हा आवाज. प्रोसेसरमधनं निघालेला आवाज ४५ वरनं कॅसेटमध्ये जातो आणि ४६ वरनं टीव्हीकडं परत येतो. काही क्लोनांत हे आतच जोडलेलं असतं, मीटर लावून बघा, नसेल तर जोडा, नाहीतर गेम मुका.

पिना मोजताना बोर्ड उलटा असतो, त्यामुळं डावं-उजवं बदलतं, इथं घाई नको. खुणेसाठी सांगतो, ७८०५ च्या (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) ग्राउंडच्या पायाला मीटरची एक टोचणी धरा, १ आणि १६ वर बीप आली पाहिजे, ५ व्होल्टच्या पायाला धरली की ३० आणि ३१ वर. १ च्या समोर ३१ असते, म्हणजे १८ च्या बरोबर समोर ४८, आणि ४८ च्या शेजारी ४६ कडची नव्हे, पलीकडची ४९. मार्करनं ४८ आणि ४९ वर ठिपका देऊन ठेवा.

आतला गेम का कॅसेट हे निवडायला स्विच तीन पोलचा, म्हणजे तीन तारा एकदम बदलणारा लागतो, गिटारच्या पेडलमध्ये असतो तसला ९ पायांचा मिळतो. पहिल्या पोलवर ४४ नंबरची पिन आणि प्रोग्रॅमच्या चिपचा २० नंबरचा पाय. दुसऱ्यावर ५६ आणि चित्रांच्या चिपचा २०. तिसऱ्यावर १८ आणि तिची मिररिंगची तार, कारण प्रत्येक कॅसेट १८ ला आपापल्या पद्धतीनं चालवते, आपली तार तिथं कायम ठेवली तर दोघांची मारामारी. ४८-४९ मात्र स्विचवर न्यायची गरज नाही, जवळजवळ सगळ्याच कॅसेट त्या दोन अशाच जोडतात, म्हणून ती कायमची ठेवा, तेवढंच विसरायला कमी. दोन्ही चिपच्या २० नंबरच्या पायाला १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर ५ व्होल्टकडं द्या. नाही दिला तर स्विच कॅसेटवर केल्यावर तो पाय हवेत राहतो, चिप मनाला येईल तेव्हा जागी होते आणि कॅसेटच्या डेटात आपला डेटा मिसळते.

बाकीच्या तारा पन्नासच्या आसपास होतात. जुन्या हार्ड डिस्कची चपटी केबल सोलून घ्या, लहान ठेवा, वीतभरापेक्षा जास्त नको. प्रोग्रॅमच्या चिपचा २२ नंबर ग्राउंडला, चित्रांच्या चिपचा २२ स्लॉटच्या १७ ला. प्रत्येक चिपच्या २८ आणि १४ मध्ये १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर. चिप थेट सोल्डर करू नका, बेस लावा, पण आधी वरचं झाकण ठेवून उंची बसते का ते बघा. प्रत्येक तार लावली की लगेच बीप घ्या, शेवटी सगळ्या एकदम तपासू म्हणालात तर होत नाही. मध्येच लाइट गेली तर आयर्न गार होतंय तोवर ओढाताण करू नका, थांबा.

पहिली पॉवर चिप न घालता. बेसच्या २८ वर ५ व्होल्ट आलं का, ७८०५ भलता तापत नाही ना, उन्हाळ्यात तो तसाही तापतो, हीट सिंकला पेस्ट लावलेली बरी. मग पॉवर काढून चिप घाला, खाच बघून. देखावा कचरा आला? ४८-४९. काळी स्क्रीन आली तर हेडर, नाहीतर ४४ ची तार. आवाज नाही, ४५-४६.

झाकण लावताना तार स्क्रूच्या खांबाखाली सापडू देऊ नका. स्विच मागच्या बाजूला बसवा आणि शेजारी मार्करनं 'आत' आणि 'कॅसेट' लिहा. स्विच पॉवर बंद असतानाच फिरवायचा, आणि कॅसेट घातलेली असताना 'आत' वर ठेवून कधीही चालू करायचं नाही, हे घरातल्या पोरांना हातात कंट्रोलर द्यायच्या आधी दाखवून ठेवा.