'मायर' आडनावाचा अर्थ लावायचा तर आधी गाव शोधा

मायर हे जर्मनीतलं सर्रास आढळणारं आडनाव. मूळ लॅटिन 'मायोर', म्हणजे वरचा, मोठा. मध्ययुगात सरदाराच्या किंवा मठाच्या जमिनीचा कारभार बघायचा, कुळांकडून खंड गोळा करायचा, तो मायर. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांसारखं हुद्द्याचंच आडनाव झालं. पुढे हुद्दा गेला. उत्तरेत खंडाने शेत कसणारा मायर झाला, दक्षिणेत मोठा शेतकरी. एवढं कोशात मिळतं. एखाद्या घराण्याला यातलं काय लागू पडतं, ते मात्र गावावरून ठरतं.

पहिला सुगावा स्पेलिंगचा. 'एम'नंतर 'ई-वाय' असेल तर बहुधा उत्तर जर्मनी, विशेषतः लोअर सॅक्सनी. 'ए-आय' असेल तर नैऋत्य जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गकडे बघा. 'ए-वाय'नंतर थेट 'आर', मधला 'ई' गायब, तर बव्हेरिया किंवा ऑस्ट्रिया. पण हा नुसता सुगावा आहे. पूर्वी पाद्री कानाला येईल तसं लिहीत, त्यामुळे सख्ख्या भावांची स्पेलिंगंही वेगळी सापडतात.

साऱ्या जर्मनीत सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. तिथपर्यंत सरकारी दाखल्यांनी मागे जा, त्याआधीसाठी चर्चची दप्तरं. प्रोटेस्टंट दप्तरं 'आर्किऑन' या वेबसाइटवर पैसे भरून बघता येतात, अनेक कॅथलिक दप्तरं 'मॅट्रिक्युला' या वेबसाइटवर फुकट.

खरी दमछाक वाचताना होते. जुन्या 'कुरेंट' लिपीत 'ई' अगदी 'एन'सारखा दिसतो, त्यामुळे नवखा माणूस या नावात दोन 'एन' वाचतो. त्याच पानावर नेहमीचे शब्द शोधा, त्यांतला 'ई' ओळखा आणि मग नावाकडे या. बाईचं नाव 'मायरिन' दिसलं तर ते निराळं आडनाव नव्हे, 'इन' हा स्त्रीलिंगी प्रत्यय आहे. लॅटिनमध्ये लिहिणारे पाद्री कधी आडनावाचं 'विल्लिकुस', म्हणजे कारभारी, असं भाषांतरच करून टाकत.

वायव्य जर्मनीतल्या वेस्टफेलियात आणखी एक खोच. तिथे शेतवाडीला नाव असे आणि घरजावई तेच लावी. नोंदीत दोन नावांमध्ये 'गेनांट', म्हणजे 'म्हणवणारा', हा शब्द दिसला की थांबा. पुढचं नाव बहुधा वाडीचं असतं, रक्ताचा माग पहिल्या नावावरून घ्यायचा.

घराणं ज्यू असेल तर कारभाऱ्याचा अर्थ चिकटवण्याची घाई नको. तिथे हे नाव बहुतेकदा हिब्रू 'मेइर'वरून, म्हणजे 'प्रकाश देणारा', या पूर्वजाच्या नावावरून आलेलं असतं. ऑस्ट्रियात १७८७ च्या आणि प्रशियात १८१२ च्या फर्मानाने ज्यूंना कायमची आडनावं घ्यावी लागली. त्यामागे जाताना आडनाव सोडून बापाच्या नावाने शोधा.

आणि 'मायर घराण्याचं कुलचिन्ह' म्हणून विकली जाणारी छापील चित्रं पुराव्यात धरू नका. चिन्ह एखाद्या ठरावीक कुटुंबाचं असतं, ते आडनावाबरोबर सगळ्यांना मिळत नाही.