चालू मत्स्यटाकीला संप जोडताना

संप म्हणजे मत्स्यटाकीच्या खाली ठेवलेली, पाणी गाळणारी दुसरी टाकी. तिच्यात पाणी उतरवायला वाट लागते, पण भरलेल्या टाकीच्या काचेला भोक पाडणे धोक्याचे असते आणि टफन्ड (तापवून कणखर केलेल्या) काचेला तर ते पाडताच येत नाही. म्हणून काठावर अडकवायची ओव्हरफ्लो पेटी (कडेवरून आलेले जादा पाणी सायफनने, म्हणजे काठावरून वळवलेल्या पाणी भरलेल्या नळीने, बाहेर काढणारी पेटी) लावून पाणी खालच्या संपमध्ये उतरवावे आणि पंपाने परत वर चढवावे.

खरी काळजी वीज जाण्याची घ्यावी. पंप थांबताच वरची पातळी ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंत उतरते आणि परतीच्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असल्यास ती उलटी वाहू लागते. 120 बाय 45 सेंटिमीटरच्या टाकीत पातळी 5 सेंटिमीटर उतरली, तरी 27 लिटर पाणी खाली येते. तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी. पातळीच्या किंचित खाली नळीला छिद्र पाडल्यास हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो, मात्र ते शेवाळाने बुजत असल्याने नियमित साफ करावे. वीज परतल्यावर पेटीचा सायफन सुरू न झाल्यास वरची टाकी ओसंडू शकते, म्हणून संपमधला पंपाचा कप्पा लहानच ठेवावा, म्हणजे वर चढणारे पाणी मर्यादित राहते.

जुना फिल्टर महिनाभर तरी चालू ठेवावा, कारण माशांच्या मलमूत्रातून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः त्याच्या स्पंजात वसलेले असतात.