तंबाखूचे दूरध्वनी सर्वेक्षण सुधारताना या चुका टाळा

'तुम्ही तंबाखू वापरता का?' हा प्रश्न सोलापुरातील एखाद्या विडी कामगार बाईला फोनवर विचारला, तर 'हो, रोज' असे उत्तर येऊ शकते, कारण कारखान्यातून मोजून आणलेली तंबाखू आणि पाने घेऊन ती दिवसभर विड्या वळत असते, मग तिने स्वतः आयुष्यात एकही विडी ओढलेली नसली तरी. त्याच घरात रोज सकाळी बोटावर मशेरी घेऊन दात घासणारी तिची सासू मात्र त्याच प्रश्नाला 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते दंतमंजन आहे. एकाच प्रश्नाला दोन खोटी उत्तरे मिळाली आणि दोघींपैकी कोणीही खोटे बोललेले नाही. समोरासमोरच्या मुलाखतीत डबी किंवा पुडी दाखवून असा घोळ निस्तरता येतो. फोनवर सगळा भार शब्दांवर असतो, आणि प्रौढांच्या तंबाखूसेवनाची प्रश्नावली सुधारताना नेमका याच भाराचा विसर पडतो.

म्हणून 'वापर' हा शब्द आधी काढून टाकावा. ओढणे, खाणे, तोंडात धरणे, दातांना लावणे, नाकात ओढणे अशा क्रिया वेगवेगळ्या विचाराव्यात, आणि प्रत्येक क्रियेबरोबर त्या भागात चालणारी नावे मुलाखतकाराने वाचून दाखवावीत: चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, तंबाखूचे पान, मशेरी, तपकीर. गुटख्यासाठी थोडी जास्त सावधगिरी लागते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी असल्यामुळे थेट नाव घेतले की माणूस सावध होतो. शिवाय पानमसाल्याची आणि तंबाखूची अशा दोन वेगळ्या पुड्या विकत घेऊन एकत्र करणारा 'मी गुटखा खात नाही' असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. दोन्ही पुड्यांबद्दल स्वतंत्र विचारले, तरच खरे चित्र कळते.

परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी भाषांतरित करणे ही त्याहून मोठी चूक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, जे 2009-10 मध्ये लँडलाइन आणि मोबाइल अशा दोन्ही क्रमांकांवर घेतले गेले, आयुष्यात किमान 100 सिगारेटी ओढलेल्या आणि आजही रोज किंवा काही दिवस ओढणाऱ्या व्यक्तीला धूम्रपान करणारी मानले गेले. आपल्याकडचा हिशेब निराळा आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 वर्षांवरील 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, त्यात धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के होते (काही जण दोन्ही घेत असल्याने बेरीज जास्त भरते). सिगारेट केंद्रस्थानी ठेवून रचलेली प्रश्नावली इथे बहुसंख्य सेवन करणाऱ्यांना शेवटच्या दोन प्रश्नांत गुंडाळते.

आता सुधारणेचा खरा पेच. प्रश्न सुधारला की मागच्या फेरीशी तुलना तुटते. अमेरिकी सर्वेक्षणाच्या 2012-13 च्या फेरीत सिगारेटखेरीज अन्य उत्पादनांसाठी 'रोज' आणि 'काही दिवस' यांच्या जोडीला 'क्वचित' हा पर्याय आला. असा एक पर्याय वाढला, की सेवन करणाऱ्यांची टक्केवारी सवयी न बदलताही वर सरकू शकते. त्यामुळे जुना प्रश्न एकदम काढू नये. एका फेरीत उत्तरदात्यांचे यादृच्छिक दोन गट करून अर्ध्यांना जुना आणि अर्ध्यांना नवा प्रश्न विचारावा, म्हणजे फरकातला किती भाग शब्दांमुळे आला ते मोजता येते. खर्च वाढतो म्हणून ही पायरी गाळण्याचा मोह प्रत्येक बैठकीत होतो, आणि माझ्या मते तो सर्वांत महागात पडतो. नवीन प्रश्नही मधेच घुसवू नयेत, कारण आधीच्या प्रश्नाची सावली पुढच्या उत्तरावर पडते. ते त्या त्या विभागाच्या शेवटी घ्यावेत.

'सध्या' हा शब्दही फसवा आहे. रमजानमध्ये किंवा श्रावणात महिनाभर तंबाखू बंद ठेवणारा माणूस 'सध्या नाही' म्हणतो. म्हणून फेरीच्या तारखा ठरवताना पंचांग पाहावे आणि 'शेवटची कधी घेतली' हेही विचारावे.

नमुन्याबाबत दोन गोष्टी नेहमी राहून जातात. 2015 मध्ये देशभर क्रमांक कायम ठेवून दूरसंचार मंडळ (मोबाइल सेवेचा प्रादेशिक विभाग) बदलण्याची सोय झाल्यापासून मोबाइल क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून माणूस कुठे राहतो हे खात्रीने सांगता येत नाही. सोलापूरचा म्हणून लावलेला क्रमांक हैदराबादेत उचलला जाऊ शकतो, त्यामुळे जिल्हा विचारल्याशिवाय नोंदू नये. दुसरे असे, की दोन सिमकार्डे असलेल्या माणसाची निवड होण्याची शक्यता दुप्पट असते, तर घरातला एकच मोबाइल चौघांत फिरत असेल तिथे तो उचलणाऱ्याचीच मुलाखत होते. किती क्रमांक आणि फोन किती जणांत, हे दोन्ही प्रश्न नसतील तर भारांक, म्हणजे कोणाच्या उत्तराला किती वजन द्यायचे ते, काढणारा हतबल होतो.

सुनेला सासूसमोर 'मी मशेरी लावते' असे म्हणवत नाही. तिच्यासाठी प्रश्न असे रचावेत की ती फक्त 'हो', 'नाही' किंवा आकडा सांगेल, आणि शेजारी बसलेल्याला विषय कळणार नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे भरपूर आहेत, तेव्हा मुलाखतकाराने ऐनवेळी स्वतः भाषांतर करू नये. प्रत्येक भाषेचा छापील मसुदा हवा, आणि तो आठ-दहा माणसांना मोठ्याने वाचून दाखवून 'यातून तुम्हाला काय समजले?' असे विचारलेले असावे.

उत्तरदाता मधेच 'सोडायची कशी हो?' असे विचारतो, तेव्हा तिथेच सल्ला देऊ नये, नाहीतर पुढची सगळी उत्तरे शहाण्या मुलासारखी येतात. 'शेवटी सांगतो' म्हणावे, आणि मुलाखत संपली की 1800-11-2356 हा तंबाखूमुक्तीचा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक सावकाश, दोनदा सांगावा.