‘लाईन’ गेली म्हणजे काय गेलं? इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ कसा ओळखावा

पुण्याचा पाहुणा परभणीत येतो, पंखा थांबतो, घरातून कुणीतरी ओरडतं, “लाईन गेली!” पाहुणा बुचकळ्यात. त्याच्याकडं लाईट जाते, आपल्याकडं लाईन. ती दुरुस्त करायला येतो तोही लाईनमनच.

अशा शब्दाचा अर्थ लावताना आधी शेजारचं क्रियापद धरा. निम्मं काम तिथंच होतं. लाईन गेली-आली म्हणजे वीज, लागली म्हणजे रांग, फुटली म्हणजे शेतातली पाईपलाईन. ‘मारली’ मात्र फसवं. वहीत मारली तर रेघ, कॉलेजच्या गेटवर मारली तर भानगड! म्हणून जागाही बघा. इंग्रजीतही तेच. ‘ड्रॉप मी अ लाईन’ म्हणजे काही टाकायचं नाही, चार ओळी लिहून खुशाली कळवायची. ‘होल्ड द लाईन’ फोनवर ऐकलं तर फोन ठेवू नका. ‘क्रॉस’ केली म्हणजे मर्यादा सोडली.

मग बोलणारा कोण ते पाहा. नटाच्या लाईन्स म्हणजे संवाद. ब्रिटिश शाळेतल्या पोराला लाईन्स मिळाल्या तर ती शिक्षा: एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायचं. रांगेला अमेरिकन माणूस लाईन म्हणतो, ब्रिटिश क्यू. नशेबाजांच्या बोलीत लाईन म्हणजे नाकानं ओढायची कोकेनची रेघ; इंग्रजी मालिका बघताना हा अर्थ माहीत असलेला बरा.

तरी अडलं तर शब्दकोश. पण पहिला अर्थ वाचून तो मिटू नका. माझे विद्यार्थी नेमकं हेच करतात. शब्द नाम आहे की क्रियापद, पुढं ‘अनौपचारिक’ अशी खूण आहे का, उदाहरणाचं वाक्य काय, एवढं तपासा. क्रियापद असेल तर ‘लाईन’चा एक अर्थ अस्तर लावणं. शिंपी ब्लाऊजला लायनिंग विचारतो ते हेच.

जमलं तर शब्दाचं मूळही बघा. त्यानं आजचा अर्थ कळेलच असं नाही, पण शब्द डोक्यात बसतो. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. त्याच्या धाग्याला ‘लिनेआ’ म्हणत, त्यातून लाईन आली. लिनन कापडही त्याच झाडाचं. त्या कापडाचं अस्तर लावत, म्हणून लायनिंग. आपण मात्र जवस पेरतो ते तेलासाठी आणि भाकरीबरोबरच्या चटणीसाठी.

हे वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, मंग रातच्याला आमच्याकडं जवसच गेलं म्हणा की!”