पहिलं घर घेताय? कराची सवलत पदरात कशी पाडून घ्यायची

बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी करणारा एक मुलगा रिटर्न भरायला कागद घेऊन आला. बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट १ लाख ८० हजारांचं, हप्ते वेळेवर, घरभरणीही झालेली. उतारा उघडला तर त्यावर वडिलांचं नाव. जागा वडिलांची, कर्ज मुलाचं, अशी घरं आपल्याकडे बेळगाव-खानापूर-निपाणीत पुष्कळ. पण मालकी कागदावर नसेल तर व्याजाची वजावट अडते.

म्हणून पहिलं काम नावाचं. बँकेत अर्ज देण्याआधी वडिलांकडून बक्षीसपत्र करून घ्या. जवळच्या नात्यातल्या बक्षीसपत्राला कर्नाटकात टक्केवारीनं नव्हे, ठरावीक आणि थोडाच मुद्रांक लागतो. नवरा-बायको दोघं कमावत असतील तर खरेदीखतात आणि कर्जात, दोन्हीकडे दोघांची नावं घाला. मग जुन्या करप्रणालीत (आयकर मोजायच्या जुनी आणि नवी अशा दोन पद्धती आहेत, त्यातली एक आपण निवडायची) प्रत्येकाला व्याजावर २ लाखांपर्यंत आणि मुद्दलावर १.५ लाखापर्यंत वेगवेगळी वजावट मिळते.

आता हिशोब, आणि इथे घाई करू नका. राहत्या घराच्या या दोन्ही वजावटी नव्या करप्रणालीत मिळत नाहीत. मात्र २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत करच नाही. तेवढ्या पगाराच्या आत असाल तर वजावटीच्या मागे लागायची गरज नाही. १६ लाख पगार धरून पाहा. दोन्ही वजावटी पूर्ण घेऊन जुन्या प्रणालीत कर येतो १,७९,४००, तर नव्या प्रणालीत काहीही न दाखवता १,१३,१००. ‘कर्ज काढ, टॅक्स वाचेल’ असं सांगणाऱ्याला हे दोन आकडे दाखवा. स्वतःचा आरोग्य विमा, पालकांचा मेडिक्लेम, घरभाडं असं बरंच काही जोडीला असेल, तरच जुनी प्रणाली मांडून बघा. व्यवसाय नसलेल्या पगारदाराला दरवर्षी मुदतीत रिटर्न भरताना निवड बदलता येते.

साडेतीन लाखांच्या व्याज-सवलतीचे मेसेज अजून फिरतात. ती जादाची सवलत ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

कर्ज कुणाकडून घेताय हेही बघा. व्याजाची वजावट मेव्हण्याकडून घेतलेल्या पैशांवरही मिळते, फक्त त्याचा लेखी दाखला हवा. मुद्दलाची मात्र बँक, सहकारी बँक, गृहकर्ज कंपनी अशा ठरलेल्या संस्थांच्याच कर्जावर. गल्लीतल्या पतसंस्थेकडून काढणार असाल तर आधी विचारून घ्या.

मुद्रांक शुल्कात सीमा आडवी येते. आयकर केंद्राचा, दोन्हीकडे सारखाच. पण घर शिनोळीला घेतलं तर मुद्रांक महाराष्ट्राचा, हिंडलग्याला घेतलं तर कर्नाटकाचा. महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतल्यास जी १ टक्क्याची सूट आहे, ती कर्नाटकात लागू नाही. इथे दर ५ टक्के. पण नव्या फ्लॅटच्या पहिल्या खरेदीला २० लाखांपर्यंत २ टक्के आणि ४५ लाखांपर्यंत ३ टक्के. म्हणजे ४० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार वाचले. वर सेस-सरचार्ज, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी १ ऐवजी २ टक्के. खरेदीखत बहुधा कन्नडमध्ये असतं. कन्नड नीट वाचणाऱ्या माणसाला शेजारी बसवा, नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ मोठ्यानं वाचून घ्या आणि मगच सही करा. लाजू नका, आयुष्यभराची पुंजी त्या कागदावर असते.

बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. काम चालू असेल तर ४५ लाखांपर्यंतच्या, ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतल्या घराला १ टक्का, एरवी ५.

कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांच्या आत आणि देशात कुठेही पक्कं घर नाही? मग प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ची व्याज-सवलत बघाच. घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं हवं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, मिळून १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. ही सवलत करप्रणालीवर अवलंबून नाही. कर्ज मागतानाच बँकेत ‘याच योजनेतून’ असं स्पष्ट सांगा.

आणि जुन्या प्रणालीत असाल तर मुद्रांक-नोंदणीच्या पावत्या जपा. ती रक्कम दीड लाखाच्या मर्यादेत, भरली त्याच वर्षी दाखवता येते. ताबा मिळाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांत घर विकलं, तर मुद्दलावर आणि या खर्चावर घेतलेली सगळी वजावट उत्पन्नात परत धरली जाते.