होस्टेलमधल्या लिनक्सवर जुना लेझर प्रिंटर कसा चालू करावा

प्रिंटर गेल्या काही वर्षांतला, वायफायवाला असेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका. तो आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर आणा. सेटिंग्जमधल्या ‘प्रिंटर्स’मध्ये बहुधा आपोआप दिसतो. झालं.

खरी कटकट सीनियरकडून स्वस्तात घेतलेल्या जुन्या प्रिंटरची. एचपी लेझरजेट १०२० घ्या. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) त्याला ओळखतं, नावही दाखवतं, प्रिंट रांगेत लागते आणि कागद जागचा हलत नाही. जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री मी दोन तास केबल बदलत बसलो होतो. केबल चांगलीच होती. या प्रिंटरमध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, टिकत नाही. चालू केला की दर वेळी ते संगणकाने पाठवावं लागतं. ते मुक्त परवान्याचं नाही, म्हणून एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हर पॅकेजसोबत येत नाही. त्यासाठी वेगळं प्लगिन लागतं, आणि निम्मे सल्लागार नेमकं हेच सांगत नाहीत.

एचपीलिप टाकलं की टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगिन’ चालवा. टाइप करताना इंग्रजी, सगळी छोटी अक्षरं, मध्ये आडवी रेघ. कमांडच्या आधी सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क देणारा शब्द) लावू नका, पासवर्ड ते स्वतःच मागतं. होस्टेलचं वायफाय डाउनलोड अडवत असेल तर सरळ मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. प्लगिन बसलं की प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. हे विसरलात तर माझ्यासारखे केबल बदलत बसाल. मग ‘एचपी-सेटअप’, तिथे फक्त पुढे-पुढे म्हणायचं.

आणखी एक खड्डा आहे. प्लगिनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. उबुंटू अपग्रेड केलं की एचपीलिप बदलतं, प्लगिन जुनंच राहतं आणि काल चालणारा प्रिंटर आज गप्प. ड्रायव्हर उपटून टाकू नका, ‘एचपी-प्लगिन’ पुन्हा चालवा. आणि सबमिशनच्या आठवड्यात अपग्रेड करूच नका.

अडकलेल्या प्रिंट काढायला ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६३१’ उघडा. हे कप्सचं पान. लिनक्सवरची छपाई तेच सांभाळतं. जुन्या प्रिंट रद्द करा, रांग ‘पॉज’ झाली असेल तर ‘रिझ्यूम’ करा.

पहिली प्रिंट देण्याआधी कागदाचा आकार पाहा. इन्स्टॉल करताना अमेरिकन इंग्रजी निवडली असेल तर तिथे ‘लेटर’ असू शकतो. ए४ करा.