तंजावर–कुंभकोणम: तीन दिवसांची सहल दुपारच्या कुलपाभोवती कशी आखावी

तमिळनाडूतल्या बहुतेक देवळांचे गाभारे दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ते थेट चारला उघडतात. चोळांची देवळं बघायला निघालेल्यांची सहल फसते ती बहुधा इथेच. सकाळी आरामात नाश्ता उरकून अकराला पोहोचायचं, तासाभरात बाहेर पडायचं आणि पुढचे चार तास उन्हात रिक्षा शोधत हिंडायचं. म्हणून आधी दुपारी काय करायचं ते ठरवा. सकाळ-संध्याकाळ मग आपोआप जुळतात.

दुसरी चूक म्हणजे ‘एवढ्या लांब आलोच आहोत’ म्हणून मदुराई आणि रामेश्वर याच सहलीत कोंबणं. तीन दिवसांत तंजावर, कुंभकोणम आणि गंगैकोंड चोळपुरम एवढंच नीट होतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगले. आपल्याकडचा पाऊस संपला की तिकडचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळांचे दिवस. एप्रिल-मे टाळाच. जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो, तेव्हा चेन्नईहून सुटणाऱ्या गाड्या भरून वाहतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी तिकीट काढा.

मुंबई-पुण्याहून सोयीचं म्हणजे चेन्नई गाठून एग्मोरहून रात्रीची तंजावर गाडी. चेन्नई सेंट्रल आणि एग्मोर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, पण मेट्रोने शेजारी-शेजारी. विमानतळावरून मेट्रोने येताना अलंदूरला गाडी बदलून एग्मोरला उतरता येतं. परतीसाठी त्रिचीचा विमानतळ बघा, म्हणजे आल्या वाटेने माघारी जावं लागत नाही. गाडी पहाटे पोहोचणारी असेल तर लॉजवाल्याला ‘चोवीस तासांचं चेक-इन आहे का’ हे आधी विचारा. नसेल तर दुपारी बारापर्यंत खोली मिळत नाही.

पहिला दिवस तंजावरचा. बृहदीश्वराला सातच्या आत पोहोचा. रिक्षावाल्याला ‘पेरिय कोविल’ म्हणजे मोठं देऊळ असं सांगा. गावात तेच नाव चालतं. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि दहानंतर अंगणातली फरशी तळपायाला चटके देते, म्हणून जाड मोजे जवळ हवेतच. अर्ध्या चड्डीत जाऊ नका.

१०१० मध्ये राजराज चोळाने पुरं केलेलं हे देऊळ सगळं ग्रॅनाइटचं, विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर साठ मीटरहून उंच. आत शिरताना ओळीने तीन दरवाजे लागतात. सर्वांत बाहेरचा, आकाराने लहान, तो मराठ्यांच्या काळचा. विमान बघून झालं की बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही मागे, नैऋत्य कोपऱ्याकडे जा. तिथल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. भाषा मराठी, लिपी देवनागरी. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे मराठ्यांचं राज्य होतं, त्याचा याहून ठळक पुरावा दुसरा नाही. अक्षरं बारीक आणि मजकूर खूप लांब, तेव्हा अर्धा तास वेगळा ठेवा. ओळीवर बोट धरल्यासारखं सावकाश वाचत गेलं की शब्द ओळखीचे वाटू लागतात.

दुपार राजवाड्याला द्या. मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या दरबारातल्या चोळकालीन पंचधातूच्या मूर्ती, मराठ्यांचा रंगीत दरबार हॉल आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय, सगळं एकाच आवारात आहे. तिकिटं मात्र वेगवेगळी, म्हणून सुटे पैसे ठेवा. संग्रहालय जेवणाच्या वेळी थोडं बंद असतं आणि बुधवारी सुटी असते. बुधवार पहिल्या दिवशी येणार नाही अशीच तारीख धरा. संध्याकाळी पुन्हा मोठ्या देवळात जा, उतरत्या उन्हात दगडाचा रंग पालटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी १३ किलोमीटरवरचं तिरुवैयारू, कावेरीकाठची कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी. दुपारी बसने किंवा रेल्वेने कुंभकोणम गाठा, अंतर ४० किलोमीटर. जेवण तीनच्या आत उरका, कारण त्यानंतर केळीच्या पानावरचं ‘मील्स’ मिळत नाही, इडली-डोशासारखं टिफिनच मिळतं. वाढणाऱ्याला थांबवायचं असेल तर ‘पोदुम’ म्हणा. चारनंतर सारंगपाणी, आदि कुंभेश्वर आणि रामस्वामी ही देवळं पायी होतात. रामस्वामीच्या ओवऱ्यांत सबंध रामायण चितारलंय, ते अंधार पडण्याआधी बघा.

तिसऱ्या दिवशी गाडी ठरवाच. ८ तास-८० किलोमीटरचं पॅकेज इथे पुरत नाही. फेरी नव्वदच्या घरात जाते. वरच्या किलोमीटरचा दर आणि ड्रायव्हरचा बाटा म्हणजे भत्ता आधीच बोलून घ्या. साडेसहाला निघून ३५ किलोमीटरवरच्या गंगैकोंड चोळपुरमला जा. राजेंद्र चोळाचं हे देऊळ वडिलांच्या देवळापेक्षा बुटकं, पण विमानाची रेघ आत वळलेली, आणि गर्दी जवळजवळ नाही. उत्तरेच्या पायऱ्यांपाशी शिव आपल्या हाताने चंडेश या भक्ताच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतोय, ते शिल्प चुकवू नका.

दुपारी कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैची मूर्तिशाळा. मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाची माती थर देऊन लिंपतात, ती वाळवून तापवली की मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत पंचधातूचा रस ओततात. साचा फोडूनच मूर्ती काढायची, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. विकत घेऊन परदेशी नेणार असाल तर ती पुरातन नसल्याचं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र लागतं. दुकानदार ते मिळवून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा.

चारला कुंभकोणमजवळचं दारासुरमचं चोळ देऊळ. रथाच्या आकाराचा मंडप सगळेच बघतात. खरी मजा गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, अगदी खाली, वीतभर उंचीच्या शैवसंतांच्या पट्ट्यात आहे. उभ्याने ती दिसत नाही, खाली बसावं लागतं. आवार आजूबाजूच्या जमिनीहून खोल असल्यामुळे पावसात इथे पाणी साचतं. त्या रात्री कुंभकोणमलाच राहा. सकाळी त्रिचीसाठी गाडीने तीन तास धरा.